जोड

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात बिल्ड लटकलं होतं. पुन्हा रन करून आम्ही चौघं कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलो. विषय कसा आला देव जाणे, पण कुस्तीवर आला. कुस्ती म्हणजे टीव्हीवरची हो! आमच्या पिढीचं अर्धं बालपण टेन स्पोर्ट्ससमोर गेलं आणि उरलेलं अर्धं ट्रम्प कार्डं खेळण्यात. तर वाद असा रंगला की सगळ्यात भारी टॅग टीम कोणती? अंडरटेकर आणि केन, की ट्रिपल एच आणि शॉन मायकल्स? वाद घालणाऱ्यांची वयं सत्तावीस-अठ्ठावीस आणि तावातावाने बोलणं मात्र सहावी ब मधलं. :)

तेवढ्यात एकाने मला विचारलं, "तुमच्या गावाकडे कुस्त्या होतात ना रे? त्यात टॅग टीम नसते का?"

मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे जोडी नसते, जोड असते."

बोलून तर गेलो. पण घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात. टॅग टीममध्ये जोडीदार म्हणजे दोराबाहेर हात पुढे करून उभा असलेला आपला माणूस. आपण दमलो की त्याच्या हातावर टाळी द्यायची, तो आत येतो. आणि आपल्या कुस्तीत "जोड" म्हणजे समोरचा! तोलामोलाचा, ज्याच्याशी लावली तर कुस्ती बघण्यासारखी होईल असा. "ह्याला जोड नाही" असं पंच म्हणाले की पैलवान फेटा बांधून मैदानात नुसता फिरतो. एकच शब्द, पण तिकडे तो पाठीशी उभा आहे आणि इकडे छातीशी भिडलाय. मजा आहे की नाही?

माझं गाव सुलतानपूर. जिल्हा बुलडाणा, तालुका लोणार. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना मधे लागतं. लोणारचं सरोवर बघायला येणारे पुष्कळ लोक आमच्या गावावरूनच जातात, चहाला थांबतात आणि गावाचं नाव न विचारता पुढे निघतात. असो. आमच्या भागातल्या जत्रांत दुपार कलली की कुस्त्या लागतात. आधी बारकी पोरं, त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग इनाम वाढत जातं आणि शेवटी मोठी. मीही तिसरीत असताना एक नारळ जिंकलोय (समोरचा पोरगा माझ्याहून लहान होता, हे आज कबूल करतो).

त्या मैदानांत एक गोष्ट नेहमी व्हायची. दोन मोठे पैलवान भिडायचे, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, हलगी कडकडून वाजायची, आणि कोणीच पडायचं नाही. मग पंच मधे जाऊन दोघांना वेगळं करायचे आणि दोघांचे हात वर करायचे. ह्याला म्हणतात "कुस्ती सुटली". लहानपणी मला ह्याचा फार राग यायचा. एवढा वेळ उन्हात बसलो आणि जिंकलं कोण? कोणीच नाही! टीव्हीवर असं कधी होत नसे.

शनिवारी सकाळी दुसरं काही काम नव्हतं (असलं तरी केलं नसतं), म्हणून एक स्प्रेडशीट उघडली आणि महाराष्ट्र केसरीची यादी भरायला घेतली. रकाने तीनच: वर्ष, ठिकाण, विजेता. वर्ष ही प्रायमरी की. ज्यांना डेटाबेसची भाषा येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रायमरी की म्हणजे असा रकाना जो प्रत्येक ओळीत भरलेलाच हवा आणि दोन ओळींत एकसारखा नको. एका वर्षाला एक केसरी. सोपं काम, तासाभरात उरकेल असं वाटलं.

पहिली ओळ १९६१, औरंगाबाद, दिनकर दह्यारी. त्याआधीची थोडी पार्श्वभूमी अशी. खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. मग १ मे १९६० ला राज्य झालं आणि १९६१ ला राज्याचा केसरी. म्हणजे हा किताब आपल्या राज्याहून जेमतेम एका वर्षाने लहान. संस्थानं गेली, राजाश्रय गेला, पैलवानांच्या तालमी पोरक्या झाल्या. "आमच्यातला सगळ्यात मोठा कोण" हे ठरवायला आता छत्रपती नव्हते, म्हणून ते परिषदेने ठरवायचं. आणि स्पर्धा एकाच गावात नाही, दर वर्षी वेगळ्या जिल्ह्यात. मला ही कल्पना फार आवडते. नवीन राज्याची ओळख करून घ्यायला जणू गदाच गावोगाव फिरत होती!

दुसरी ओळ १९६२, भगवान मोरे. तिसरी ओळ १९६३, ठिकाण सातारा. विजेता...

अनिर्णित.

पुढे १९६४ आणि १९६५ ला गणपतराव खेडकर, १९६६ ला दीनानाथ सिंह. १९६७ आलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. ठिकाण: खामगाव. आमचा जिल्हा! विजेता चंबा मुत्नाळ. लगेच घरी फोन लावला, कारण आमचे आबा (आजोबा) तरुणपणी खामगावला कुस्त्या बघायला गेल्याचं घरात नेहमी सांगतात.

"आबा, सदुसष्टची खामगावची कुस्ती तुम्ही पाह्यली होती ना?"

"पाह्यली म्हन्जे, लोकायच्या पाठी पाह्यल्या. हलगी तेवढी आयकू आली."

"आणि आबा, त्रेसष्ट साली साताऱ्याला कोणीच जिंकलं नाही म्हणे."

"मंग सुटली असंन. दोघं बी पैलवान असतीन, दुसरं काय."

"मग केसरी कोण?"

"कोनीच नाई. पुढच्या साली या म्हनावं!"

आणि एवढं बोलून त्यांनी पावसाची चौकशी सुरू केली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने मात्र आत्ता सुरू झाला.

कारण पुढे असे रिकामे रकाने आणखी निघाले. १९७७, चाळीसगाव, अनिर्णित. आणि मग तर ओळीने तीन: १९८९ वर्धा, १९९० कोल्हापूर, १९९१ अमरावती. विचार करा मंडळी. मांडव पडलाय, हजारो माणसं जमलीयेत, पुढारी हार घेऊन बसलेत, आणि शेवटी किताब कोणालाच नाही! कोल्हापूरसारख्या कुस्तीच्या पंढरीतसुद्धा नाही. आज कोणी असं करायचं म्हटलं तर प्रायोजक रडतील.

इथे जरा तिकडच्या टॅग टीमकडे वळतो, कारण फरक तिथेच कळतो. अमेरिकेत १९४८ साली आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी काही कुस्तीच्या ठेकेदारांनी एकत्र येऊन नॅशनल रेसलिंग अलायन्स काढली. देश वाटून घेतला. हा तुझा इलाखा, हा माझा, एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही. मग प्रत्येक इलाख्याचे आपापले पट्टे. टेक्सासचा टॅग टीम किताब वेगळा, फ्लोरिडाचा वेगळा, जॉर्जियाचा वेगळा. जोड्या एका इलाख्यातून दुसऱ्यात जायच्या आणि जाताना पट्टा हरून जायच्या. कोण हरणार ते आधीच ठरलेलं. आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणून शिव्या घालतात, ते तिकडे रीतसर लिहिलेलं नाटक. (अंगमेहनत खरी, मार खरा, फक्त निकाल खोटा. त्यांच्या कसबाबद्दल मला आदरच आहे.)

तर अशा यादीत रिकामा रकाना चालत नाही. पट्टा रिकामा दिसला की तिकिटं खपत नाहीत. म्हणून भोक पडलं की गोष्ट रचायची. ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९७९ चं. पॅट पॅटरसन नावाच्या मल्लाला इंटरकॉन्टिनेंटल विजेता म्हणून जाहीर केलं आणि सांगितलं की त्याने रिओ दि जानेरोमध्ये मोठी स्पर्धा जिंकली. अशी स्पर्धा झालीच नव्हती! आणि १९८९ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल केलं की आमचे सामने म्हणजे करमणूक आहे, खेळ नव्हे, त्यामुळे खेळाचे सरकारी नियम आम्हाला लावू नका.

१९८९ हे साल लक्षात आलं? तिकडे न्यू जर्सीत "निकाल आम्हीच ठरवतो" असं लेखी देत होते, आणि त्याच साली वर्ध्यात किताबाची कुस्ती निकालाविना सुटली आणि यादीत ती जागा कोरी राहिली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण शीटमध्ये हे साल भरताना मला राहवलं नाही.

आपल्याकडे तो धंदा नव्हताच असं नाही बरं का. मुंबईत दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना तुफान गर्दी व्हायची. १९६८ साली मुंबईतच त्याने लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतलं. त्याच साली कोल्हापुरात चंबा मुत्नाळ दुसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी झाला. एका राज्यात एकाच वर्षी दोन तऱ्हेच्या कुस्त्या, आणि बघणारी माणसं बरीचशी तीच. पण फरक त्यांना बरोबर कळायचा. आमचे आबा दारासिंगचे सिनेमे आवडीने बघतात, आणि तरी खामगावच्या न दिसलेल्या कुस्तीबद्दल जास्त बोलतात.

मग १९९२ नंतर काय झालं? १९९२ ला पुण्यात आप्पालाल शेख जिंकला आणि त्यानंतर "अनिर्णित" ही नोंद यादीत पुन्हा दिसत नाही. (सोलापूरजवळच्या बोरामणीच्या ह्या शेख घराण्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले. १९८० ला इस्माईल, १९९२ ला आप्पालाल, २००२ ला मुन्नालाल. एका घरात तीन गदा!) आता कुस्ती मातीवरून गादीवर आली आहे. मातीचा गट अजून आहे, पण माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यातली शेवटची कुस्ती गादीवर, गुणांवर होते. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहा गुणांची आघाडी झाली की तिथेच निकाल. आणि गुण सारखे झाले तर? तर मोठा डाव कोणाचा, ताकिदी कोणाला कमी, शेवटचा गुण कोणी घेतला, असे निकष ओळीने लावत जायचे. प्रोग्रामर माणसाला हे लगेच कळेल. हा असा इफ-एल्स आहे ज्यात कुठेही कोरं उत्तर परत येऊच शकत नाही. कोणीतरी जिंकणारच.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. ऑलिंपिकला जायचं तर गादी हवी आणि गुण हवेत. अर्धा-अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहणारे पैलवान बघून प्रेक्षक जांभया द्यायचे, हेही खरं. गुण आल्यावर कुस्ती चपळ झाली. नरसिंग यादवने २०११, २०१२, २०१३ अशी ओळीने तीन वेळा गदा घेतली आणि लगेच पुढची तीन वर्षं विजय चौधरीने. हा विजय चाळीसगाव तालुक्यातला. ज्या चाळीसगावने १९७७ ला केसरी दिलाच नव्हता, त्याने एकदम तीन वर्षांची भरपाई केली म्हणायची! (ह. घ्या.)

आणि "जोड" म्हणजे काय ते बघायचं असेल तर जानेवारी २०२० ची बालेवाडीची कुस्ती शोधून बघा. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले. सोबत राहणारे, एकमेकांचे डाव पाठ असलेले. सदगीर ३-२ ने जिंकला, म्हणजे एका गुणाने. आणि जिंकल्यावर त्याने काय केलं? हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. टॅग टीम म्हणा की जोड म्हणा, त्या क्षणी दोन्ही एकच होतं.

आता आमच्या जिल्ह्याची ओळ. खामगावला स्पर्धा पुन्हा झाली २००० मध्ये, जिंकला विनोद चौगुले. मग डिसेंबर २०१८. जालन्याला अंतिम कुस्तीत बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवलं आणि सगळीकडे बातमी झळकली, "बुलडाण्याचा बाला रफिक महाराष्ट्र केसरी". मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलवर नुसता उड्या मारत होतो. बुलडाण्याच्या नावाने मी पाहिलेली ती पहिली गदा! उत्साहाच्या भरात मेसमध्ये जिलबीसुद्धा वाटली. दोन दिवसांनी कळलं की बाला रफिक मूळचा करमाळा तालुक्यातल्या खडकीचा, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला. घडला कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली आणि मग पुण्यात. आमच्या जिल्ह्याकडून तो फक्त खेळला.

खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं. जिलबीचे पैसे वाया गेल्यासारखे वाटले. मग काही वर्षांनी मला पुण्यात नोकरी लागली आणि ते वाटणं हळूहळू विरलं. मी सुलतानपूरचा, शिकलो भलतीकडे, घाम गाळतो पुण्यात, आणि माझं नाव पुण्याच्या कंपनीच्या यादीत. मग सोलापूरच्या पोराने आमच्या नावाने लढून गदा आणली तर मी कोण नाक मुरडणार? आंदळकर वस्ताद त्याच वर्षी सप्टेंबरात गेले होते. शिष्याची ती गदा त्यांना बघायला मिळाली नाही, ह्याचं मला आता जास्त वाईट वाटतं.

इथवर शीट व्यवस्थित भरत आली होती. आणि मग २०२३ आलं.

झालं असं की २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने जुनी परिषद बरखास्त केली, दुसरी संघटना उभी राहिली, प्रकरण कोर्टात गेलं. पुण्यात जानेवारी २०२३ ला शिवराज राक्षे जिंकला. ती आदल्या हंगामाची स्पर्धा, ठीक आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या! पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट केलं. आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. म्हणजे एकच माणूस एकाच महिन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हरला आणि जिंकलाही.

माझी प्रायमरी की मोडली. मी पुन्हा फोन लावला.

"आबा, तेवीस साली दोन केसरी झाले."

"एका साली दोन? मंग त्या दोघायचीच लावा ना जोड!"

"लागली होती आबा. आधीच लागली होती. सिकंदरने पाडलं त्याला."

"मंग हा दुसरा केसरी कशाचा?"

"दुसऱ्या संघटनेचा."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "पैलवानाची काय चूक त्यात. त्याले जिथं बलावलं तिथं तो गेला."

हे मला सुचलं नव्हतं. मी आपला कोणाची गदा खरी आणि कोणाची खोटी ह्याचा हिशोब करत बसलो होतो. दोन्हीकडे घाम खरा होता. अमेरिकेतल्या इलाख्यांसारखं झालंय आपलं, प्रत्येक ठेकेदाराचा आपला पट्टा. फक्त तिकडे निकाल आधी ठरायचा आणि मल्लाला तो माहीत असायचा. इकडे पैलवान जीव तोडून खरं लढतो आणि त्या लढण्याला काय किंमत द्यायची हे नंतर बाहेरची माणसं ठरवतात.

२०२५ मध्येही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, आणि मग त्याच जिल्ह्यात कर्जतला वेताळ शेळके. अहिल्यानगरला राक्षेला चितपट दिल्यावर त्याला तो निर्णय मान्य झाला नाही, त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथ मारणं चूकच, त्यात दुमत नाही. पण ज्या वर्षांत पंच "कोणीच नाही" म्हणाले आणि लोक टोप्या झटकून मुकाट घरी गेले, त्या वर्षांतल्या पंचांच्या शब्दाला किती वजन असेल, हे मला तो व्हिडिओ बघताना पहिल्यांदा कळलं. रिकामा रकाना ठेवायलासुद्धा सगळ्यांना मान्य असलेलं कोणीतरी लागतं.

रविवारी रात्री शीट पुरी केली. चौथा रकाना वाढवावा लागला: "कोणी दिली". तोवर त्याची गरजच पडली नव्हती. आणि १९६३, १९७७, १९८९, १९९०, १९९१ ह्या पाच ओळींत "अनिर्णित" काढून आबांचा शब्द टाकला: "सुटली".

सोमवारी ऑफिसात शीट दाखवली. टॅग टीमवाला मित्र म्हणाला, "ह्या पाच ओळी अर्धवट राहिल्यात बघ तुझ्या."

मी म्हटलं, "नाही रे, त्याच तर पूर्ण आहेत." त्याला पटलं नाही. बिल्ड मात्र तेवढ्यात पास झालं.